गयेच्या गाडीतले सोबती

कल्याणहून हावडा मेलने गयेला निघालो, तेव्हा डब्यातली चार कुटुंबे अनोळखी होती. कसारा घाट चढेपर्यंत भाकरी-ठेच्याची वाटावाट झाली. डोंबिवलीचे एक काका मात्र आपले काम सांगायला संकोचत होते.

बुद्धगयेला महाविहारात वंदना केली. दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी मिळून जीप करून गेहलौर गाठले. मुसहर समाजातील मजूर दशरथ मांझी यांनी १९६० ते १९८२ अशी २२ वर्षे हातोडी-छिन्नीने इथला डोंगर फोडून वाट काढली. डोंगर आडवा आल्याने पत्नीला वेळेवर उपचार मिळाले नव्हते.

काकांनी कातळ चाचपला. म्हणाले, "मीही तीस वर्षं खदाणीत छिन्नीच चालवली." परतीच्या गाडीत मुलांना ते खदाणीच्याच गोष्टी सांगत होते.

बंधू-भगिनींनो, गयेला जाल तर एक दिवस गेहलौरसाठी जरूर राखून ठेवा.