उपाशी वर्षांची उपकारस्तुती

10 एप्रिल 1815 च्या संध्याकाळी इंडोनेशियातल्या सुंबावा बेटावर तांबोरा पर्वत फुटला. त्याआधी पाच दिवस तो धुमसत होता. मग जवळजवळ दीड किलोमीटर उंचीचा त्याचा माथाच नाहीसा झाला आणि त्या जागी सहा किलोमीटर रुंदीचं विवर उरलं. त्या स्फोटांचे आवाज दोन हजार किलोमीटरहून दूर ऐकू गेले. लिखित इतिहासात याहून मोठ्या उद्रेकाची नोंद क्वचितच सापडेल.

यानंतर सुमारे पावणेचार वर्षांनी, 24 डिसेंबर 1818 च्या रात्री, ऑस्ट्रियातल्या ओबर्नडॉर्फ या नदीकाठच्या छोट्या गावात एक तरुण धर्मगुरू आणि एक शाळामास्तर उभे राहिले. धर्मगुरूच्या हातात गिटार होती. दोघांनी मिळून एक नवं गीत म्हटलं. ते आज जगभर ‘सायलेंट नाइट’ म्हणून ओळखलं जातं. तीनशेहून अधिक भाषांत त्याची भाषांतरं झाली आहेत आणि महाराष्ट्रातल्या चर्चमध्येही नाताळच्या रात्री ते मराठीत उमटतं.

तो पर्वत आणि हे गीत यांच्यामध्ये दोन भुकेली वर्षं आहेत. त्या वर्षांकडे नीट पाहिलं की नाताळच्या दिवसांत आपण देवाची जी उपकारस्तुती करतो तिच्याविषयी एक विलक्षण गोष्ट कळते. ती सुबत्तेच्या पोटी जन्मलेली नाही.

आधी आभाळात काय घडलं ते पाहू. ज्वालामुखीची राख जड असते, काही दिवसांत, आठवड्यांत ती खाली बसते. पण तांबोरातून प्रचंड प्रमाणात गंधकाचा वायूही बाहेर पडला आणि तो ढगांच्याही वर, वातावरणाच्या त्या थरात गेला जिथे पाऊसच नसतो. तिथल्या बाष्पाशी मिळून त्याचे गंधकाम्लाचे अतिसूक्ष्म थेंब झाले. धुऊन काढायला पाऊस नाही, म्हणून हे थेंब वर्ष-दोन वर्षं तिथेच तरंगत राहिले, वाऱ्यांबरोबर पृथ्वीभर पसरले आणि सूर्याचा थोडासा प्रकाश अवकाशात परत पाठवत राहिले. त्यानं पृथ्वीचं सरासरी तापमान अर्ध्या अंशाच्या आसपास उतरलं. आकडा किरकोळ वाटतो. पण पीक सरासरीवर उगवत नाही. पेरणीनंतरचा एक दहिवर, कापणीच्या तोंडावरचा पंधरा दिवसांचा पाऊस, एवढ्यानंही शेत हातचं जातं.

1816 साली युरोपात उन्हाळा आलाच नाही. दक्षिण जर्मनी, स्वित्झर्लंड, ऑस्ट्रिया या भागांत पावसानं शेतं कुजली, उंचावरच्या गावांत भर उन्हाळ्यात बर्फ पडला. धान्याचे भाव दुपटी-तिपटीनं चढले. लोकांनी पिठात भुसा आणि झाडांच्या साली मिसळल्या. हजारो कुटुंबं घरदार विकून रशियाच्या किंवा अमेरिकेच्या वाटेला लागली. आपल्याकडचा मान्सूनही त्या काळात बिघडला. 1817 मध्ये बंगालात जेसोरला पटकीची मोठी साथ उसळली आणि पुढच्या वर्षी ती मुंबईपर्यंत आली. या साथीमागेही त्या बिघडलेल्या पावसाचा हात होता, असं काही अभ्यासक मांडतात. पेशवाई बुडाली ते साल हेच, 1818. त्या वेळी यातल्या कुणालाही, जर्मन शेतकऱ्याला किंवा आपल्या रयतेला, हे कळायला मार्ग नव्हता की आपल्या दुःखाचं एक मूळ एका दूरच्या बेटावर आहे. तांबोरा आणि तो हरवलेला उन्हाळा यांचा संबंध शास्त्रज्ञांनी जोडला तो विसाव्या शतकात.

कारण न कळता भोगलेल्या अशा वर्षात, 1816 मध्ये, योझेफ मोर यानं ते गीत लिहिलं.

मोर तेव्हा चोवीस वर्षांचाही झालेला नव्हता. त्याचा जन्म 1792 मध्ये साल्झबुर्ग शहरात एका अविवाहित आईच्या पोटी झाला. बाप सैनिक होता, तो सोडून गेला. आई विणकाम करून घर चालवायची. मुलाचा गोड गळा आणि हुशारी पाहून कॅथीड्रलच्या एका धर्मगुरूनं त्याला शिकवलं. विवाहबाह्य जन्मामुळे धर्मगुरू होण्यासाठी त्याला वेगळी परवानगी काढावी लागली. त्याची नेमणूक झाली ती डोंगरातल्या मारियाफार गावी. युरोपात वीस-बावीस वर्षं चाललेली युद्धं नुकतीच थांबली होती. साल्झबुर्गचं जुनं राज्य मोडलं होतं, पाच-सहा वेळा सत्ता बदलली होती, 1816 मध्ये ते ऑस्ट्रियाकडे आलं. वर थंडी, खाली भूक.

आता त्या कवितेत काय आहे ते बघा. एकूण सहा कडवी. सैन्य नाही, भाव नाहीत, कुजलेलं शेत नाही. आहे ते एक झोपलेलं बाळ, त्याच्याजवळ जागे असलेले आईबाप, मेंढपाळ. पुढच्या, फारशा न गायल्या जाणाऱ्या कडव्यांत मोर म्हणतो की या बाळाच्या रूपानं देव जगातल्या साऱ्या लोकांना भावासारखा कवटाळतो आहे. सगळे देश एकमेकांच्या रक्तात भिजून नुकते उठले होते आणि हा तरुण पोटापुरती भाकर नसलेल्या गावात बसून साऱ्या जगाला एका मिठीत आणत होता. मला या गीतातलं सगळ्यात मोठं आश्चर्य हे वाटतं. त्याची चाल त्या मानानं नंतरची.

चाल सुचली ती फ्रान्झ ग्रूबरला. तो विणकराचा मुलगा, जवळच्या आर्न्सडॉर्फचा शाळामास्तर आणि ओबर्नडॉर्फच्या चर्चमधला ऑर्गनवादक. मोर 1817 मध्ये ओबर्नडॉर्फला आला. ते मिठाची वाहतूक करणाऱ्या नावाड्यांचं गाव. नदीपलीकडचं लाउफेन हे त्याचंच शहर, पण नव्या तहानं सीमारेषा नदीतून गेली आणि शहर आणि हे त्याचं उपनगर दोन देशांत गेली. ग्रूबरनं 1854 मध्ये, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी, त्या दिवसाची हकिगत लिहून ठेवली. मोरनं 24 डिसेंबरला कविता हातात दिली, दोन आवाज, समूह आणि गिटार यांना शोभेल अशी चाल मागितली आणि त्याच संध्याकाळी ती तयार झाली, इतकंच तो सांगतो. उंदरांनी ऑर्गन कुरतडल्याची लोकप्रिय कथा त्यात नाही. ती मागाहून आली. कथेची गरजही नाही. पुढे ऑर्गन बांधणाऱ्या एका कारागिरानं हे गीत टायरॉलच्या खोऱ्यात नेलं, तिथली हातमोजे विकत फिरणारी गाणारी कुटुंबं ते जत्रांतून म्हणू लागली, 1839 मध्ये ते न्यूयॉर्कला पोचलं. लिहिणाऱ्यांची नावं मात्र मागे राहिली. लोक ते हायडनचं किंवा मोझार्टचं समजत. म्हणून तर ग्रूबरला म्हातारपणी लेखणी उचलावी लागली.

हे गीत जन्मत होतं त्याच दिवसांत जर्मनीत दुसरी एक गोष्ट घडत होती. 1817 चं पीक चांगलं आलं. व्युर्टेम्बर्ग आणि आसपासच्या प्रदेशातल्या शहरांत त्या उन्हाळ्यात धान्याची पहिली गाडी वेशीत शिरली तेव्हा लोकांनी ती फुलांनी आणि माळांनी सजवली होती. चर्चच्या घंटा वाजत होत्या, शाळेची मुलं रांगेनं पुढे चालत होती, पाळक प्रार्थना करत होते, माणसं रस्त्यातच उभी राहून देवाची स्तोत्रं म्हणत होती. आपल्याला दिसते ती केवळ धान्यानं भरलेली एक बैलगाडी किंवा घोडागाडी. वर्षभर भुसा खाल्लेल्या माणसांना त्यात काय दिसलं असेल!

आणि याच लोकांनी एक गोष्ट मुद्दाम जपून ठेवली. दुष्काळात एका पैशाला मिळायचे ते लिंबाएवढे पाव त्यांनी काचेच्या पेटीत वाळवून ठेवले. असे पाव आजही तिथल्या संग्रहालयांत पाहायला मिळतात. भाव कोरलेली पदकं पाडली. आभार मानताना त्यांनी भूक पुसून टाकली नाही. दोन्ही शेजारी-शेजारी ठेवली.

शिवाय त्यांचे आभार तोंडापुरते राहिले नाहीत. व्युर्टेम्बर्गचा राजा विल्हेल्म आणि राणी कातारिना यांनी दुष्काळातच गोरगरिबांच्या मदतीसाठी संस्था उभारली. 1818 मध्ये राणीच्या पुढाकारानं गरिबांसाठी बचत बँक निघाली. त्याच वर्षी होहेनहाइमला शेतीचं शिक्षण देणारी संस्था सुरू झाली, ती आज विद्यापीठ आहे. आणि 28 सप्टेंबर 1818 ला स्टुटगार्टजवळच्या कानश्टाटला पहिली कृषी जत्रा भरली. उत्तम जनावरांना बक्षिसं आणि मैदानाच्या मधोमध फळाधान्यांनी मढवलेला उंच खांब. 1968 पासून मुंबईचं भगिनी शहर असलेल्या स्टुटगार्टमध्ये ही जत्रा आजही भरते आणि तो खांबही उभा राहतो.

त्या लोकांना ही रीत कुठून माहीत होती? त्यासाठी आणखी दोनशे वर्षं मागे जावं लागतं. सॅक्सनीतल्या आइलेनबुर्ग शहरात मार्टिन रिंकार्ट नावाचा पाळक होता. त्याची तिथली जवळजवळ सारी सेवा तीस वर्षांच्या युद्धात गेली. तटबंदी असल्यामुळे आसपासचे निर्वासित त्याच शहरात घुसले, गर्दी झाली, अन्न संपलं आणि 1637 मध्ये प्लेग आला. इतर पाळक मेले किंवा निघून गेले. रिंकार्ट एकटा उरला आणि त्यानं चार हजारांहून अधिक माणसांचे अंत्यविधी केले. त्यात त्याची बायकोही होती. त्याच युद्धाच्या काळात याच माणसानं जर्मन भाषेतलं सगळ्यात प्रसिद्ध उपकारस्तुतीचं गीत लिहिलं. चारशे वर्षं जर्मन मंडळ्या आनंदाच्या दिवशी ते गात आल्या आहेत. बाखनं ते आपल्या संगीतात गुंफलं. ते प्रथम लिहिलं गेलं, असं म्हणतात, घरातल्या मुलांनी जेवणाआधी म्हणायची प्रार्थना म्हणून.

इतकं सोसलेल्या माणसाला आभार मानणं जमतं कसं? मला वाटतं, याचं उत्तर ख्रिस्ती श्रद्धेच्या गाभ्यात आहे. उपकारस्तुती म्हणजे मिळालेल्या गोष्टींची यादी नव्हे. यादी असती तर रिंकार्टची वही कोरी राहिली असती. हबक्कूक संदेष्ट्यानं हे फार पूर्वी ओळखलं होतं. अंजीर फुलला नाही, वेलीला द्राक्षं नाहीत, गोठा रिकामा, तरीही मी देवाच्या ठायी आनंद करीन, असा त्याचा निर्धार आहे. त्यात रिकाम्या गोठ्याचं वर्णन आधी येतं, आनंद नंतर. आणि येशूनं तर ज्या रात्री त्याला धरून दिलं जाणार होतं, त्याच रात्री भाकर हातात घेऊन देवाचे आभार मानले आणि मग ती मोडून दिली. उद्या काय होणार हे माहीत असताना मानलेले ते आभार. दर वेळी प्रभुभोजनाला बसणारी मंडळी तीच कृती पुन्हा करते.

आपल्याकडची ख्रिस्ती परंपराही हे जाणते. मुंबई-वसईच्या ईस्ट इंडियन समाजात ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आगेराचा सण होतो. भाताच्या नव्या लोंब्या चर्चमध्ये आणून त्यांवर आशीर्वाद घेतात आणि मगच नवं धान्य खातात. गोव्यात राय गावी 5 ऑगस्टला कणसांचं फेस्त भरतं. आधी आभार आणि मग घास, हा क्रम कोळी, कुणबी, गावकरी यांनी पिढ्यान्‌पिढ्या राखला आहे. पावसावर जगणाऱ्या माणसाला कुणी सांगावं लागत नाही की दाणा आपल्या एकट्याच्या कष्टाचा नसतो.

नाताळची कथा तरी दुसरं काय सांगते? घरात जागा न मिळालेलं एक जोडपं, परकी राजवट, शिरगणतीसाठी करावा लागलेला प्रवास आणि जनावरांच्या गव्हाणीत ठेवलेलं बाळ. त्या रात्री कुणाचीच परिस्थिती सुधारली नव्हती. मेंढपाळ परत त्याच कुरणांकडे गेले. पण लूक लिहितो की ते देवाचा गौरव करत गेले. बदलली होती ती एकच गोष्ट. देव आपल्यासोबत आहे, हे त्यांना कळलं होतं. उपकारस्तुतीला एवढं पुरतं.

मोरचं पुढे काय झालं? तो गावोगावी बदल्या होत फिरला आणि शेवटी वाग्राइन इथे स्थिरावला. तिथे त्यानं शाळा उभी राहावी म्हणून खटपट केली, गरीब घरच्या मुलांना तीत शिकता यावं म्हणून पैशांची सोय केली. 4 डिसेंबर 1848 ला तो गेला तेव्हा त्याच्या हाती काही उरलं नव्हतं. विणकाम करणाऱ्या आईच्या मुलाला कुणीतरी एकदा शिकवलं होतं. त्यानं त्याचे आभार असे मानले.

या नाताळात ज्यांचं घर भरलेलं आहे त्यांनी आनंद करावा. आणि ज्यांच्या घरी या वर्षी मृत्यू आला, पीक गेलं, नोकरी गेली, त्यांनी असं मानू नये की हा सण आपल्यासाठी नाही. तो आधी तुमचाच आहे. ही सारी गीतं तुमच्यासारख्यांनीच लिहिली आहेत. आवाज फुटत नसेल तर शेजारच्याला म्हणू द्या, तुम्ही नुसते सोबत उभे राहा. आणि शेजारी उभं राहण्याची पाळी आपली असेल, तर आपल्या ताटातली भाकर मोडून मगच आमेन म्हणावं.