पळसावरची लाख आणि कुंडीतला पिठ्या ढेकूण

गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात गाढवी नदीवर बांधलेल्या इटियाडोह धरणाच्या परिसरात धानाच्या बांध्यांच्या धुऱ्यांवर आणि लगतच्या जंगलात पळस विपुल आढळतो, आणि पळसाच्या कोवळ्या फांद्यांवर पोसला जाणारा लाखेचा कीटक पूर्व विदर्भाला फार पूर्वीपासून परिचित आहे. याच भागातल्या घरांच्या ओसरीत क्रोटन, मनीप्लांट, जास्वंद, डिफेनबॅकिया किंवा शोभेचा पाम लावलेल्या कुंड्या असतात, आणि त्यांच्या पानांच्या बेचक्यांत कापसासारखे पांढरे पुंजके दिसू लागले की त्या उपद्रवाला पिठ्या ढेकूण म्हणतात. कीटकशास्त्राच्या वर्गीकरणानुसार लाखेचा कीटक, पिठ्या ढेकूण आणि पानांच्या शिरांवर टिकल्यांसारखी चिकटलेली खवले कीड हे तिन्ही कॉकॉइडिया या एकाच अधिकुळात मोडतात. एकाचे संगोपन करायचे आणि इतरांचे निर्मूलन, एवढाच माणसाच्या दृष्टीने त्यांच्यातला फरक आहे. म्हणूनच लाख पिकवणाऱ्यांनी आपल्या कीटकाविषयी जे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या जपले, ते कुंडीतल्या झाडांची काळजी घेणाऱ्यालाही थेट उपयोगी पडते.

लाखेच्या शेतीचे सारे गणित पिल्ले बाहेर पडण्याच्या वेळेवर बसवलेले असते. पळस आणि बोर यांवर येणारी ती रंगीनी लाख आणि कुसुमाच्या झाडावर येणारी ती कुसुमी लाख, असे तिचे दोन मुख्य प्रकार असून रंगीनी लाखेची कातकी आणि बैसाखी अशी वर्षाला दोन पिके घेतली जातात. कातकी पिकासाठी जून-जुलैमध्ये आणि बैसाखी पिकासाठी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये बीजलाख, म्हणजे पूर्ण वाढलेल्या माद्या असलेली काडी, झाडाच्या कोवळ्या फांद्यांना बांधतात. मादीच्या राळेच्या कवचावर पिवळसर डाग दिसू लागला की पिल्ले निघण्याची वेळ जवळ आली, हे जाणकार शेतकरी ओळखतो. सुमारे अर्धा मिलिमीटर लांबीची ही तांबूस पिल्ले रांगत नव्या फांदीवर पसरतात, सोयीची जागा मिळताच आपली सोंड सालीत खुपसतात आणि त्यांपैकी माद्या त्यानंतर आयुष्यभर तेथून हलत नाहीत. त्यांचे पाय झडतात आणि अंगातून स्रवणाऱ्या राळेचे कवच त्यांच्याभोवती तयार होते. मादीच्या आयुष्यात उघड्या अंगाने फिरण्याचा काळ एवढाच असतो.

पिठ्या ढेकणाचे आणि खवले किडीचे जीवनचक्र थोड्याफार फरकाने असेच चालते, आणि फवारणी वाया का जाते याचे उत्तरही त्यातच आहे. पिठ्या ढेकणाची मादी मेणाच्या धाग्यांनी विणलेल्या पिशवीत काही शे अंडी घालते; तिचे स्वतःचे अंग मेणाच्या पिठाने झाकलेले असल्यामुळे पाण्यात मिसळलेले द्रावण त्यावरून ओघळून जाते, आणि अंड्यांपर्यंत तर ते पोहोचतच नाही. उबदार हवेत अंड्यापासून पूर्ण वाढलेल्या मादीपर्यंतचा प्रवास साधारण महिनाभरात होतो. एकदाच जोरदार फवारणी करून समाधान मानले, तर त्या दिवशी बाहेर असलेली पिल्ले मरतात, अंड्यांतून नवी निघतात आणि तीन-चार आठवड्यांनी झाड पुन्हा पांढरे दिसू लागते. उपाय सौम्य असला तरी तो ७ ते १० दिवसांच्या अंतराने किमान तीन वेळा केला, तर मधल्या काळात बाहेर पडलेली प्रत्येक तुकडी उघड्या अवस्थेत सापडते. औषधाच्या तीव्रतेपेक्षा या अंतराला अधिक महत्त्व आहे, आणि नेमकी हीच गोष्ट घरोघरी दुर्लक्षित राहते.

ओळख पटवण्यासाठी पानाची खालची बाजू, देठ आणि खोड यांची बेचकी आणि कोवळा शेंडा ही तीन ठिकाणे आधी पाहावीत. पिठ्या ढेकूण तीन-चार मिलिमीटर लांबीचा, लंबगोल आणि मऊ असतो व कडेने मेणाची बारीक झालर दिसते. खवले कीड मात्र अनेकदा झाडाचाच भाग वाटते. नखाने खरवडून पाहिल्याशिवाय ती सजीव असल्याचा संशयही येत नाही. तिचे दोन गट आहेत. कठीण खवल्याच्या किडीत वरचे कवच टाचणीने अलगद उचलले असता खाली वेगळा, मऊ, पिवळसर कीटक दिसतो. मऊ खवल्याच्या किडीत कवच आणि शरीर एकजीव असते. हा भेद उपयोगाचा आहे, कारण चिकटा फक्त दुसऱ्या गटाकडून पडतो. झाडाच्या रसात साखर भरपूर आणि प्रथिनांचे घटक अत्यल्प असल्यामुळे मऊ खवले कीड, पिठ्या ढेकूण, मावा आणि पांढरी माशी हे सारे रस प्रमाणाबाहेर शोषतात व जास्तीची साखर चिकट थेंबांच्या रूपाने बाहेर टाकतात; त्यालाच चिकटा म्हणतात. खालच्या पानांवर किंवा फरशीवर चकचकीत, बोटाला चिकटणारा थर दिसला, पुढे त्यावर काजळीसारखी काळी बुरशी धरली आणि खोडावर मुंग्यांची रांग लागली, तर कीड दिसली नसली तरी ती वरच्या पानांत आहे असे निश्चित समजावे.

पाणी आणि खत वेळेवर देऊनही झाड खुरटते आणि पाने पिवळी पडतात, तेव्हा कुंडीतून मातीचा गोळा काढून मुळे पाहणे आवश्यक ठरते, कारण पिठ्या ढेकणाच्या काही जाती जमिनीखाली राहतात आणि मुळांवर पांढरे ठिपके सोडतात. कुंडीतल्या इतर उपद्रवांपैकी लाल कोळी हा वास्तविक कीटक नाही. त्याला आठ पाय असतात आणि विदर्भाच्या कोरड्या उन्हाळ्यात तो वेगाने वाढतो. पानाखाली पांढरा कागद धरून पान झटकावे. कागदावर पडलेले बारीक कण चालू लागले तर तो कोळी होय, आणि त्याच्यासाठी पानाच्या खालच्या बाजूवर दर दोन-तीन दिवसांनी पाण्याचा जोरदार फवारा मारणे हा पहिला व बहुधा पुरेसा उपाय आहे. फुलकिड्यांमुळे पानावर चंदेरी चट्टे व काळे ठिपके उमटतात, तर पांढरी माशी झाड हलवताच भुर्रकन उडते.

उपायांचा क्रम सौम्याकडून तीव्राकडे असावा. कीड थोडी असेल तर स्पिरिटमध्ये भिजवलेल्या कापसाच्या बोळ्याने प्रत्येक पुंजका पुसून काढावा, कारण स्पिरिट मेण विरघळवते. कीड पसरली असेल तर जास्त ग्रासलेल्या फांद्या छाटून त्या पिशवीत बांधून टाकाव्यात आणि मग एक लिटर पाण्यात ५ मिलिलिटर द्रवसाबण मिसळून पाने दोन्ही बाजूंनी भिजवावीत. कपड्यांची पावडर झाडाला अपाय करते, म्हणून ती वापरू नये. कडुनिंबाचे तेल वापरायचे असल्यास लिटरमागे ५ मिलिलिटर तेल थोड्या साबणात घोटून मगच पाण्यात मिसळावे, आणि फवारणी ऊन उतरल्यावर करावी, नाहीतर पाने करपतात. शेतकरी वापरतात तो निंबोळीचा ५ टक्के अर्क घरीही करता येतो: ५० ग्रॅम कुटलेली निंबोळी रात्रभर भिजवून, गाळून, त्याचे एक लिटर द्रावण करावे. दमट हवेत कीटकांवर वाढणारी व्हर्टिसिलियम लेकॅनी ही मित्रबुरशी कृषी सेवा केंद्रांत मिळते, आणि धानपट्ट्यातला पावसाळा तिला चांगला मानवतो. मुंग्यांचा बंदोबस्त याच सुमारास करावा लागतो, कारण चिकट्याच्या मोबदल्यात त्या किडीचे शत्रू हुसकावून लावतात. कुंडीचे स्टँड पाण्याच्या वाट्यांत ठेवले आणि पाने भिंतीला टेकू दिली नाहीत, तर मुंग्यांची वाट तुटते.

एक चूक मात्र कळवळून सांगण्यासारखी आहे. पिठ्या ढेकणांच्या वसाहतीत कधीकधी त्यांच्यासारखीच पांढरी, मेणाच्या लांब झुपक्यांची, पण चांगली एक सेंटिमीटरहून मोठी आणि चपळपणे फिरणारी अळी दिसते, आणि ती मोठा ढेकूण समजून हमखास चिरडली जाते. ती क्रिप्टोलीमस या ऑस्ट्रेलियातून आणलेल्या ढालकिड्याची अळी असते व ढेकणांची अंडी व पिल्ले खाऊनच ती वाढते. १८९८ साली भारतात आणलेला हा ढालकिडा आज देशात रुळला आहे. अशी अळी दिसली की फवारणी थांबवावी. परोपजीवी कीटकांची किमया महाराष्ट्राने मोठ्या प्रमाणावरही पाहिली आहे. पपईवरील पिठ्या ढेकूण ही मूळची मेक्सिको व मध्य अमेरिकेतली कीड २००८ मध्ये कोइमतूरला आढळली आणि २०१० पर्यंत पुणे परिसरातल्या पपईच्या बागांत पोहोचली. जास्वंदीसह कितीतरी शोभेच्या झाडांवरही ती बसत असे. औषधांना ती दाद देत नव्हती. २०१० मध्येच बेंगळुरूच्या एका राष्ट्रीय संस्थेने पोर्टोरिकोहून आणलेल्या तीन चिमुकल्या गांधीलमाश्यांपैकी ॲसेरोफॅगस पपई ही जात शेतांत सोडल्यावर कीड झपाट्याने ओसरली, कारण ती माशी ढेकणाच्या शरीरातच अंडे घालते आणि तिची अळी त्याला आतून पोखरते.

इटियाडोहच्या लाभक्षेत्रात धानावरील खोडकिडा आणि तुडतुड्यांसाठी आणलेली औषधे बहुतेक घरांत उरलेली असतात, आणि तीच ओसरीतल्या कुंडीवर मारण्याचा मोह होतो. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना झालेल्या विषबाधेत वीसहून अधिक माणसे दगावली, तीही मोकळ्या शेतात; घराच्या ओसरीत, मुलांच्या हाताच्या उंचीवर, तुळस आणि कढीपत्त्याच्या शेजारी ही औषधे मुळीच नकोत. शिवाय त्यांतली कित्येक औषधे ढालकिडे आणि परोपजीवी माश्या मारतात, व मेणाखाली दडलेली मादी मात्र सुखरूप राहते.

लाख उत्पादकाची अडचण नेमकी उलटी असते. पळसावर युब्लेमा आणि स्यूडोहायपॅटोपा या पतंगांच्या अळ्या लाखेच्या माद्या फस्त करतात, म्हणून पिल्ले निघून गेलेली बीजलाखेची काडी, जिला फुंकी म्हणतात, ती सुमारे तीन आठवड्यांनी झाडावरून उतरवून ताबडतोब खरवडतात, म्हणजे तिच्यातले शत्रू नव्या पिकात शिरत नाहीत. रोपवाटिकेतून आणलेल्या कुंडीच्या बाबतीतही हाच तीन आठवड्यांचा नियम पाळावा: तोवर ती इतर झाडांपासून दूर ठेवावी, आठवड्यातून दोनदा पानांची खालची बाजू आणि बेचकी भिंगाने पाहावीत, आणि एकही रांगते पिल्लू आढळले नाही तरच तिला इतर कुंड्यांच्या रांगेत जागा द्यावी.