इसापूरचे पाणी पाहून आलो



एकदा गळीत सुरू झाले की आम्हा शेतकी खात्याच्या माणसांना जेवायलाही सवड मिळत नाही. म्हणून हंगामाच्या आधीच, पोळा झाल्यानंतरचा रविवार धरला आणि आमच्या गटातील पंचवीस-तीस सभासद, त्यांच्या घरची मंडळी व लेकरे अशी डबापार्टी घेऊन इसापूर धरणावर जाऊन आलो. निमित्त झाले एका सभासदाचे. गटाच्या बैठकीत ते म्हणाले, "साहेब, इतकी वर्षं झाली या कालव्याचं पाणी घेतो, पण धरण काही पाह्यलं नाही." हात वर करायला सांगितले, तर निम्म्याहून अधिक मंडळी तशीच निघाली.

शेंबाळपिंपरीच्या बाजूने आम्ही इसापूरला पोचलो. पैनगंगेवरचे हे धरण आपला पुसद तालुका आणि हिंगोली जिल्ह्यातील कळमनुरी तालुका यांच्या सीमेवर आहे. १९८२ साली ते पूर्ण झाले. डावा कालवा आपल्या बाजूने जातो, तर उजवा हिंगोली-नांदेडकडे. अगोदर परवानगी काढलेली होती, त्यामुळे सर्वांना भिंत पाहता आली.

मातीची भिंत

भिंत चार किलोमीटरहून लांब आणि पायापासून ५७ मीटर उंच. बऱ्याच जणांना ती सिमेंटची असेल असे वाटत होते. प्रत्यक्षात ती मातीची आहे. अशा धरणाच्या पोटात चिकण मातीचा गाभा दाबून बसवलेला असतो, दोन्ही अंगांना मुरूम व जाडी माती, आणि पाण्याच्या बाजूला लाटांचा मार सोसायला दगडांची पिचिंग. आतून जो थोडा पाझर येतो तो भिंतीच्या पायथ्याच्या चरातून बाहेर काढून देतात. भिंतीवर झाडे वाढू द्यायची नाहीत, ढोरे चारायची नाहीत, कुठे खणायचे नाही, हे नियम उगाच नाहीत. मुळे कुजली किंवा बीळ पडले की पाणी तीच वाट धरते. पाण्याची ताकद किती असते हे महाराष्ट्राने १२ जुलै १९६१ रोजी पाहिले आहे. काम पुरते व्हायच्या आत पानशेतचे मातीचे धरण फुटले आणि पुण्यात हाहाकार उडाला. आपल्या धुऱ्याला खेकड्याने बीळ पाडले तर वाफा रात्रीत रिकामा होतो, तसेच हे, फक्त फार मोठे.

धरण भरत आले होते. नजर पोचेल तिथवर पाणी, पलीकडे हिरव्या टेकड्या, वारा असा की बायामाणसांचे पदर ठरेनात. शाळकरी पोरे तर "समुद्र, समुद्र" म्हणून ओरडत सुटली. खरे सांगतो, मलाही सर्वेची वही बाजूला ठेवून नुसते बसून राहावेसे वाटले.

पाण्याखालची विहीर

भिंतीपासून बरेच दूर, काठावरच्या झाडांखाली आम्ही गोवऱ्या पेटवल्या. रोडगे भाजेपर्यंत दोन-तीन तरुण कपडे काढून पाण्यात उतरायला निघाले. पाणी तिथे उथळ दिसत होते, गुडघ्याएवढे. एवढ्यात शेळ्या घेऊन उभे असलेले एक म्हातारे काठी उगारून धावत आले.

"तिकडं उतरू नका रे पोराहो! तिथं माही इहीर हाय!"

आम्हाला काही उमजेना. मग त्यांनी काठीने दाखवले. त्या चिंचेच्या समोर, वीस-पंचवीस पावलांवर, त्यांच्या वडिलांनी खणलेली विहीर होती. धरणात वावर गेले, घर गेले, विहीर मात्र जागच्या जागी राहिली. उन्हाळ्यात पाणी उतरले की तिचा काठ उघडा पडतो. बाकीच्या दिवसांत ती पाण्याखाली तोंड उघडून बसलेली असते. गुडघाभर पाण्यातून चाललेला माणूस पुढच्या पावलाला सरळ विहिरीत!

ती पोरे मागे आली. कोणी काही बोलेना. आमच्या घरच्या मंडळींनी आजोबांना आग्रहाने जेवायला बसवले. धरणात पाणी अडले तेव्हा ते ऐन विशीत होते. आता पाणी हटले की उघड्या पडणाऱ्या जमिनीत गाळपेर करतात. जेवता जेवता त्यांनी विचारले, "तुम्ही कुठले?" आम्ही सांगितले, कालव्याखालचे, ऊसवाले. ते म्हणाले, "मंग माह्या वावरातलं पाणी तुमच्या उसाले येते म्हना. चांगलं हाय. वाया नका घालवू, म्हंजे झालं."

तो घास माझ्या घशाखाली उतरायला वेळ लागला. सभासदांनो, आपण पाणीपट्टी भरतो, पण या पाण्याची खरी किंमत कोणी भरली ते त्या दिवशी समोर बसून रोडगा खात होते.

एका दलघमीत किती ऊस?

परतीच्या आधी मी मंडळींपुढे एक साधे गणित मांडले. या धरणाचा उपयुक्त साठा सुमारे ९६४ दलघमी. आकडा मोठा वाटतो. आता उसाकडे या. सुरू उसाला साधारण २५० सेंटीमीटर पाणी लागते, आडसालीला ३५० च्या घरात. म्हणजे सुरू उसाच्या एका हेक्टरला २५ हजार घनमीटर. एक दलघमी म्हणजे १० लाख घनमीटर. भागाकार करा, ४० हेक्टर, म्हणजे सुमारे शंभर एकर. यात पावसाचा वाटा असतो हे खरे, पण कालव्यात मुरणारे आणि उन्हाने उडणारे पाणीही असते. आणि हेच धरण तीन जिल्ह्यांची पिके सांभाळते.

तेव्हा शेवटच्या टोकाचे एक सभासद उभे राहिले. "एवढं पानी हाय, तरी माह्या वावरात का पोचत नाही?" त्यांचा रोख वरच्या एका सभासदाकडे होता. दोघांची बांधाबांधी जुनी, येताना दोघे मुद्दाम वेगवेगळ्या गाडीत बसलेले. वरचे सभासद काही बोलले नाहीत.

उत्तर मीच दिले. शेजपाळीचा क्रम टेलकडून हेडकडे असतो. आधी शेवटच्याने भिजवायचे, मग वरच्याने. आपण तो उलटा करतो. रात्री बारे सोडून घरी झोपतो, पाणी धुऱ्यावरून नाल्यात जाते आणि खालच्याचा ऊस वाळतो. वरच्याचाही काही फायदा होत नाही. साचलेल्या पाण्याने मुळ्या गुदमरतात, जमीन चिबड होते, उतारा घटतो.

उपाय तुम्हाला ठाऊक आहेत, पुन्हा सांगतो. पाचट जाळू नका, सरीत पसरा, ओल टिकते. पाणी कमी असेल तेव्हा एक सरी सोडून एक भिजवा. ठिबकने चाळीस टक्क्यांपर्यंत व त्याहूनही जास्त पाणी वाचते, म्हणजे त्याच एका दलघमीत शंभराऐवजी दीडशे एकरांच्या वर ऊस उभा राहील. पाळी येण्यापूर्वी शेतचारी साफ करा. आणि २००५ च्या कायद्याप्रमाणे पाणीवापर संस्था करून हिशेब आपल्या हाती घ्या.

जाणाऱ्या मंडळींसाठी

घरच्यांना घेऊन अवश्य जा. पुसदजवळचे पूस धरणही १९७१ सालचे, पाहण्याजोगे आहे. मात्र भिंतीवर परवानगीशिवाय जाऊ नका. सांडव्याखाली व नदीपात्रात बसू नका. दरवाजे उघडले की पाणी बघता बघता चढते, म्हणून भोंगा ऐकताच वर या. खाली सहस्रकुंडाला जाणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावे. पोहणाऱ्यानेही अनोळखी काठाला उतरू नये. बुडालेल्या गावात विहिरी असतात, चर असतात, आणि गाळात पाय रुतला की निघत नाही. चूल भिंतीपासून दूर मांडा, विझवूनच उठा, पत्रावळी व प्लास्टिक परत आणा.

त्या दोन सभासदांचा समेट झाला असे मी म्हणणार नाही. पण रब्बीच्या पहिल्या पाळीला रात्री चारीवर गेलो, तर दोघेही बॅटऱ्या घेऊन हजर होते. पाणी आधी खाली चालले होते. वरचे सभासद मला पाहून एवढेच म्हणाले, "त्या बुढ्याची इहीर डोळ्यांपुढून जात नाही, साहेब."

आपला,
ऊस विकास अधिकारी