दसरा चौक : मालखरेदीला आलात तर थोडे थांबा

आमचे दुकान राजारामपुरीत. बाहेरगावचे व्यापारी बांधव येतात, माल पाहतात, गठ्ठे बांधून घेतात आणि एस.टी. गाठतात. स्टँडवरून व्हीनस कॉर्नरमार्गे लक्ष्मीपुरीकडे किंवा बिंदू चौकाकडे निघालात तर दसरा चौक लागतो. वाहनांच्या गर्दीत तो केव्हा मागे पडतो ते कळतही नाही. विजयादशमीला येथे छत्रपती घराण्याच्या उपस्थितीत शमीपूजन होते व लोक सोने लुटतात, यावरून हे नाव पडले. परंतु आमच्या बिरादरीसाठी या चौकाचा इतिहास निराळाच आहे.

१९०६ साल आम्हा कापडवाल्यांना ठाऊक असते ते शाहू मिलमुळे. राजर्षी शाहू महाराजांनी कापडगिरणीचा पाया घातला तो त्या साली. त्याच साली, १५ नोव्हेंबरला, मुस्लिम बोर्डिंगही सुरू झाले. ते या दसरा चौकात आहे.

बोर्डिंग कशाला, असे कोणी विचारील. शाळा शहरात आणि मुले खेड्यात. शहरात राहण्या-जेवण्याची सोय नाही, म्हणून हुशार मुलगाही चौथीनंतर मागावर किंवा दुकानात बसे. महाराजांनी हे ओळखले होते. मराठा आणि जैन समाजाची बोर्डिंगे १९०१ सालीच निघाली. आमच्याकडून मात्र आरंभी कोणी पुढे आले नाही! शेवटी महाराजांनीच दहा मुस्लिम मुले निवडून व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंगात ठेवली. पुढे मोहमेडन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली, तेव्हा तिचे अध्यक्षपद त्यांनी स्वतःकडे घेतले, जागा दिली, मदत दिली. राजाने अध्यक्ष व्हावे, इतकी आमची तालीमविषयीची बेफिकिरी होती. हे लिहिताना आम्हाला संकोच वाटतो, पण लपवून काय मिळणार?

१९१७ साली महाराजांनी संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले. त्यानंतरही आमच्या धंद्यात पोरगा मीटरपट्टी धरू लागला की शाळा सुटते, हे आम्ही आजही पाहतो. हिशेब तोंडी येतो, पण जीएसटीचे कागद दुसऱ्याकडून भरून घ्यावे लागतात. रमजानमध्ये जकातीचा हिशेब मांडताना गावाकडच्या एखाद्या गरजू मुलाचा राहण्या-जेवण्याचा खर्च त्यात धरता येतो. काही दुकानदार तसे करतात.

शाहू मिल २००३ साली बंद पडली. बोर्डिंग मात्र चालू आहे, आणि ईदची नमाज त्याच्याच पटांगणावर होते.

चौक पाहायचा तर सकाळी लवकर या. मध्यभागी महाराजांचा पुतळा आहे. दुकाने उघडल्यावर रस्ता ओलांडणेही अवघड होते. गठ्ठे आधी आमच्याकडे ठेवलेत तरी चालेल.