पाण्याची पारख करणारी पूड

पाणी निवळशंख दिसले की आपण ते निश्चिंत मनाने घशाखाली उतरवितो. आम्हां सोलापूरकरांच्या नळाला तर पाणी काही दिवसांआड येते. ते आले यातच समाधान! पण गाळ डोळ्यांना दिसतो, तसे पाण्यात विरघळलेले शिसे दिसत नाही. लिटरभर पाण्यात ते मिलिग्रॅमच्या शंभराव्या हिश्शाहून अधिक नसावे, असे भारतीय मानक सांगते. कारण लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला ते घातक असते. एवढासा अंश हुडकणारी यंत्रे आहेत; पण ती महाग, आणि पाण्याचा नमुना त्यांच्या दारी न्यावा लागतो.

मी मराठी शिकविणारा माणूस. तरीही यावर रसायनशास्त्रज्ञ जो तोडगा शोधीत आहेत, त्याचे मला मोठे नवल वाटते. धातूचे अणू जणू सांधे आणि कार्बनी रेणू जणू वासे, असा एक सूक्ष्म सांगाडा ते उभारतात. त्यात पोकळ्याच पोकळ्या! काही प्रकारांत एका ग्रॅम पुडीच्या आतील पृष्ठभाग पसरला, तर फुटबॉलचे मैदान भरेल. या शोधासाठी सुसुमु कितागावा, रिचर्ड रॉबसन आणि ओमर याघी यांना 2025 चे नोबेल पारितोषिक मिळाले.

यांतील काही पुडी अतिनील प्रकाशात स्वतः उजळतात. पाण्यातला विशिष्ट धातू पोकळीत शिरला, की ती प्रभा मंदावते, क्वचित वाढते किंवा रंग पालटते. किती मंदावली, यावरून धातू किती हे काढता येते.

पुण्याच्या आयसर संस्थेत सुजित घोष यांचा गट अशा सच्छिद्र पदार्थांनी पाण्यातले विषारी घटक ओळखण्यावर आणि पकडण्यावर काम करीत आला आहे. योगायोग पाहा! पुण्याचे सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून उजनीत येते. आणि त्याच उजनीचे पाणी सोलापूर पिते.

अर्थात ही पूड उद्याच वाण्याकडे मिळेल, असे नाही. कित्येक सांगाडे पाण्यातच मोडतात. शिवाय शिशासाठी लावलेला दिवा निरुपद्रवी लोहानेही मंदावला, तर भरवसा कसा ठेवावा? हे प्रश्न शास्त्रज्ञ सोडवतीलही. परंतु पूड फक्त चाहूल देईल. ती ऐकून नदीत घाण सोडणाऱ्याला जाब विचारणे, हे काम मात्र तुमचे-आमचेच!