घराची दुरुस्ती काढताय? आधी चुलीची जागा ठरवा

शेलूबाजारच्या आमच्या बचत गटांच्या बैठकीत उन्हाळा लागला की घरदुरुस्तीचा विषय निघतोच. कोणाला न्हाणी बांधायची असते, कोणाला खोली वाढवायची असते. आणि आडवी येते ती चूल.

‘गॅस आहे, मग चूल कशाला?’ असं मिस्त्री विचारतो. पण सिलिंडर पुरवून वापरावा लागतो. आंघोळीचं पाणी अन् भाकरी अजून तुराट्या-पऱ्हाट्यांवरच होते. म्हणून चूल हलवायची, पण नीट.

आमच्या गटातल्या एकीनं आधी जुनी चूल फोडली. नवी वाळायच्या आत पाऊस आला. तीन आठवडे झोपायच्या खोलीतच विटा मांडून स्वयंपाक झाला. धाकट्या लेकराला धाप लागली, दवाखान्यात न्यावं लागलं. चूक तिची एकटीची नव्हती. कर्ज देताना आम्ही हप्त्याचं विचारलं, चुलीचं विचारलंच नाही.

तेव्हापासून आम्ही सांगतो, नवी चूल पेटल्याशिवाय जुनी मोडू नका. काळ्या मातीची चूल वाळताना तडकते. पांढऱ्या मातीत बारीक कुटार अन् शेण कालवून, चांगली मळून चूल घाला आणि सावलीत वाळू द्या.

जागा बाहेरच्या भिंतीला लागून निवडा. धुराचा पाइप सरळ वर न्या, त्याला वाकणं कमीत कमी ठेवा. त्याचं तोंड छपरापेक्षा निदान दोन फूट उंच असावं, नाहीतर वाऱ्यानं धूर घरात परततो. पाइप लाकडी फाट्याला टेकू देऊ नका. आतली काजळी वेळच्या वेळी काढा.

गॅसची शेगडी चुलीपासून लांब, ओट्यावर ठेवा. सिलिंडर खाली अन् उभाच असू द्या. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीलगत साचतो. म्हणून भिंतीत खालच्या बाजूलाही झरोका हवा. वास आला तर बटण दाबू नका, आग विझवा, रेग्युलेटर बंद करा, दारं उघडा आणि बाहेर येऊन १९०६ वर फोन करा.

प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलाचं किमान क्षेत्र २५ चौरस मीटर आहे. त्यात स्वच्छ स्वयंपाकाची जागाही धरलेली आहे. ती नकाशातच मागून घ्या.

आता आमच्या गटात घरासाठी कर्ज मागायला कोणी आली, की हप्त्याच्या आधी आम्ही विचारतो, ‘बाई, चूल कुठं राहील?’ धूर आपल्या डोळ्यांत जातो, तर मिस्त्रीला जागाही आपणच दाखवायची.