महासंगणक आणि विक्रीची बंदी

उद्यांच्या पावसाचें भाकीत आकाशाकडे पाहून करण्याचे दिवस आतां गेले. वातावरणाचे लहान लहान तुकडे कल्पून प्रत्येकांतील उष्णता, दाब, वारा व ओलावा यांचें गणित मांडावें लागतें. आणि तें उद्यां उजाडण्यापूर्वीं सुटलें नाहीं, तर त्याचा उपयोग तरी काय? असलीं प्रचंड गणितें सोडविणाऱ्या यंत्रास महासंगणक म्हणतात. विमानाचा पंख, औषधाचा रेणू आणि अण्वस्त्र (तंट्याचें मूळ येथेंच आहे) यांचीं गणितेंही तेंच यंत्र सोडवितें. म्हणून तें कोणास विकावें, हा प्रश्न व्यापाऱ्यांचा न राहतां सरकारांचा झाला.

आपल्या देशास हा अनुभव पूर्वींच आला आहे. १९८० नंतरच्या दशकांत भारतानें अमेरिकेकडे क्रे कंपनीचा महासंगणक मागितला. पुष्कळ वाटाघाटींनंतर मिळाला तो मागितल्याहून कमी शक्तीचा, आणि तोही हवामानाच्या कामासाठीं, कडक अटींवर. पुढें १९८८ सालीं पुण्यास सी-डॅक ही संस्था निघाली, व डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखालीं १९९१ सालीं तेथें ‘परम ८०००’ उभा राहिला. एक अतिवेगवान मेंदू मिळत नसेल, तर साधे पुष्कळ मेंदू जोडून त्यांस काम वांटून द्यावें, ही त्यांतील युक्ति. या यशाचें कौतुक करतांना एक गोष्ट मात्र आपण सहसा गाळतों. ते मेंदू, म्हणजे ट्रान्सप्यूटर नांवाच्या चिप, इंग्लंडांतील इन्मॉस कंपनीचे होते. अख्खें यंत्र नाकारलें गेलें होतें. सुटे भाग मिळत होते.

चीनची गोष्ट येथून पुढची आहे. जगांतील ५०० वेगवान संगणकांची यादी वर्षांतून दोनदां निघते. २०१३ च्या जूनमध्यें तींत ग्वांगचौ शहरांतील ‘त्येनहे-२’ पहिला आला; त्यांतील मुख्य चिप अमेरिकेच्या इंटेल कंपनीच्या होत्या. २०१५ सालीं अमेरिकेनें अण्वस्त्रांच्या कामाचा संशय घेऊन चीनच्या चार महासंगणक-केंद्रांस असा माल विकण्याचें थांबविलें. पुढच्याच वर्षीं वूशी शहरांतील ‘सनवे ताय्हूलाइट’ पहिला आला. त्याचा वेग सेकंदास सुमारें ९३ हजार लक्ष कोटि आंकडेमोडी, आणि चिप चीनच्या स्वतःच्या! बंदी फसली, असें पुष्कळांनीं तेव्हां म्हटलें. हा निष्कर्ष उतावळेपणाचा होता. त्या जातीच्या चिपवर चीनमध्यें कित्येक वर्षें काम चालूं होतें. उलट, त्येनहे-२ ची वाढ स्वदेशी चिप घालून झालेली यादींत दिसली ती २०१८ सालीं.

पुढें अमेरिकेनेंही धडा घेतला. ७ ऑक्टोबर २०२२ च्या नियमांनीं शक्तिमान चिपच नव्हे, तर त्या बनविण्याचीं यंत्रेंही चीनला देण्यावर निर्बंध घातले. हा घाव अधिक खोल आहे. अतिसूक्ष्म चिप कोरण्यास लागणारा विशिष्ट प्रकाश उत्पन्न करण्यासाठीं वितळलेल्या कथलाच्या थेंबांवर सेकंदास ५० हजार वेळां लेसरचा मारा करावा लागतो. असलें यंत्र विक्रीस काढणें नेदर्लंड्समधील एकट्या एएसएमएल कंपनीस साधलें, आणि तें चीनला मिळूं दिलेलें नाहीं. पुण्यास वापरलेली युक्ति येथें अर्धीच चालते: कमी शक्तीच्या पुष्कळ चिप जोडतां येतात, पण त्या वीज भारी खातात व तापतात.

चीन किती पुढें गेला, हें आतां यादीवरून समजत नाहीं. नवीं मोठीं यंत्रें तींत मांडण्याचें त्यानें जवळजवळ सोडलें आहे. २०२४ च्या नोव्हेंबरमध्यें पहिले तीनही क्रमांक अमेरिकेस मिळाले. त्यांतील पहिल्या ‘एल कॅपिटन’च्या चिप आखल्या अमेरिकेच्या एएमडी कंपनीनें, पण त्या बनल्या तैवानांत, डच यंत्रांवर, आणि त्या यंत्रांतील आरसे जर्मनीचे.